एम्ब्रेट रस्त्याकडे पाहतो

ब्योर्कवालेन, ९ जानेवारी १८८६

अखेर माणूस सापडला.

मागच्या वर्षी स्टॉकहोमच्या प्रदर्शनाच्या परीक्षक मंडळाने माझं 'शिकारी' हे चित्र परत पाठवलं. त्यांच्यातला एक म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला, "एकस्टाम, तुमचा हा शिकारी बंदरावर ओझी वाहतो ना? काल माझी पेटी यानेच उचलली." लोक हसले. गंमत अशी की ते खरं होतं. हमालच होता तो, उसन्या कोटातला, आणि त्याच्या पायाखालचा बर्फ म्हणजे माझ्या पलंगावरची चादर. त्या दिवशी ठरवलं, यापुढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रेघ ओढायची नाही.

म्हणून स्वीडनच्या हेर्येदालेन प्रांताच्या या टोकाला आलो. इथून घोड्याच्या स्लेजने, बर्फावरच्या घसरगाडीने, दोन दिवसांवर नॉर्वेतलं रोरोस. मधे घाट आणि ओसाड पठार. एम्ब्रेट नावाच्या शिकाऱ्याच्या घरात वरची खोली घेतली आहे. तो त्रेसष्ट वर्षांचा. थंडीने फुटून फुटून त्याचा खालचा ओठ मधोमध शिवल्यासारखा झाला आहे. असा ओठ मी कल्पनेने कधीच काढला नसता.

"किती दिवस उभं राहायचं?" त्याने विचारलं.

"चाळीसेक."

"नुसतं?"

"नुसतं."

"रेनडिअरसाठी मी याहून जास्त उभा राहिलोय, पाहुणे. पण तो शेवटी खाता तरी येतो."

त्याची बायको योलिन चुलीपाशी हसली. तिला एक पाय ओढत चालावं लागतं, पण जिभेला तसली काही अडचण नाही.

११ जानेवारी

चित्र मिळालं. मी शोधलं नाही, ते आपणहून समोर आलं.

दुपारी एम्ब्रेट सापळे बघून परततो. खांद्यावर बंदूक, कमरेला दोन पांढरे ससे. घरात यायच्या आधी तो कुंपणाच्या टोकाला थांबतो आणि पश्चिमेकडे, घाटातून उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहतो. अर्धा तास. तपकीर नाही, विडी नाही, काही नाही. काल थांबला होता, आजही थांबला. चेहऱ्यावर जे येतं त्याला मला अजून नाव देता आलेलं नाही. म्हणूनच ते रंगवायला हवं.

योलिनला विचारलं.

"त्याला नका विचारू. मला सांगतो, कोल्ह्याचे माग बघतो," ती म्हणाली. "चार वर्षं झाली, एकच कोल्हा."

मग तिने पीठ मळता मळता सगळं सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा हाल्वार. चार वर्षांपूर्वी वसंतात त्याने एका अस्वलावर गोळी झाडली. ते जखमी होऊन पळालं. अंधारून आलं होतं, त्याने माग काढला नाही, घरी आला. तिसऱ्या दिवशी त्याच अस्वलाने शेजारच्या गड्याला फाडलं. रविवारी चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर एम्ब्रेटने हाल्वारच्या तोंडात मारली. म्हणाला, "जखमी जनावर मागे टाकून येणारा माझ्या घरचा नाही. मी स्वतः घ्यायला येईपर्यंत या उंबऱ्याला पाय लावायचा नाही." हाल्वार अमेरिकेला गेला. तेव्हापासून एक पत्र नाही.

"आता हा घ्यायला जाईलसुद्धा," योलिन म्हणाली. "दुसऱ्या दिवशीच गेला असता. पण जाणार कुठे? पत्ता कोणी दिलाय? पोरगंही बापावरच गेलंय."

मी तिच्यासमोर वहीत काही लिहिलं नाही. वर येऊन लगेच लिहिलं.

१५ जानेवारी

मोठा कॅनव्हास उघड्यावर उभा केला. दोराने कुंपणाला बांधावा लागतो. रंग लोण्यासारखे घट्ट होतात. रंगांच्या पाटीखाली स्पिरिटचा दिवा ठेवतो तेव्हा कुठे हलतात. उजेड दहा ते दोन. बर्फ पांढरा नसतोच. सावलीत तो निळा, रस्त्याच्या चाकोरीत पिवळट, कुंपणाखाली जवळजवळ जांभळा. पॅरिसमध्ये शिकताना हे कोणी सांगितलं असतं तर मी मान हलवली असती आणि पांढरा लावला असता.

"यात मी कशाकडे बघतोय?" एम्ब्रेटने विचारलं.

"रस्त्याकडे."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

२१ जानेवारी

उत्तम दिवस. बंदूक, कोट, ससे झाले. चेहऱ्याची पहिली मांडणी केली. मी सांगायची गरजच पडत नाही. रस्त्याकडे पाहिलं की ते आपोआप येतं. कुठे घोड्याची घंटा वाजली की पापणीखाली काहीतरी हलतं. स्लेज शेजाऱ्याची निघते आणि पुन्हा सगळं शांत होतं. आज तीनदा झालं. तिन्ही वेळा कुंचला हातात होता. नशीबवान आहे मी.

२३ जानेवारी

शनिवार. टपाल आणायला स्कीवर चर्चगावात गेलो. तिथल्या दुकानाची मालकीण ब्रिटास्टिना, विधवा, टपालही तीच बघते. डोळे अधू आहेत तिचे, कागद नाकाला लावून वाचते. प्रत्येक घराची पत्रं दोऱ्याने बांधून ठेवते आणि त्या घरचा जो येईल त्याच्या हातात देते.

आमच्या गठ्ठ्यात माझी दोन पत्रं होती, पॅरिसची. आणि एक एम्ब्रेटच्या नावाचं, अमेरिकेचं तिकीट लावलेलं.

परतताना सारखा एकच विचार. घरात जाताच हे द्यायचं. योलिन रडेल, म्हातारा बाहेर जाऊन उभा राहील. आणि उद्या कुंपणाशी जो माणूस येईल तो हा नसेल. ज्याला पत्र आलंय असा कोणीतरी सुखी म्हातारा असेल. चेहऱ्याचा डावा भाग अजून नुसता तपकिरी आहे.

चार वर्षं थांबलेल्याला चार दिवसांनी काय होणार? पत्र रंगांच्या पेटीत ठेवलं आहे. उघडलेलं नाही. दुसऱ्याचं पत्र उघडणाऱ्यांतला मी नव्हे.

२४ जानेवारी

योलिनने जेवताना सहज विचारलं, "टपालात काही होतं का पाहुणे?"

"माझीच होती."

"तुम्हाला बरं इतके लोक लिहितात," ती म्हणाली आणि माझ्या पानात चीजचा मोठा तुकडा वाढला.

२९ जानेवारी

आकाश झाकलेलं, काम नाही. असे दिवस मध्ये आले की चार दिवसांचे आठ होतात, त्यात माझा दोष नाही.

६ फेब्रुवारी

आज आणखी एक पत्र. अक्षर तेच, पण तिकीट नॉर्वेचं, शिक्का रोरोसचा.

स्कीवरून पडलो होतो, पाकीट ओलं झालं, डिंक सुटलाच होता. दोन्ही वाचली. माहीत असणं बरं, म्हणजे योग्य वेळ ठरवता येते.

पहिलं डिसेंबरचं आहे. हाल्वार मिनेसोटात लाकूड कापायच्या गिरणीत आहे. गेल्या वर्षी लग्न केलं, सिग्नी नावाच्या नॉर्वेजियन मुलीशी. तिला दिवस गेले आहेत. लिहितो, "मूल आपल्या घरात जन्माला यावं असं वाटतं. बाबा, तुम्ही म्हणाला होता, मी घ्यायला येईपर्यंत यायचं नाही. तो शब्द मी मोडणार नाही. आम्ही रोरोसपर्यंत येतो. तिथे घोडा घेऊन आलात तर सगळं मिटलं असं समजेन."

दुसरं तीन तारखेचं. "आम्ही पोचलो. स्टेशनजवळच्या खाणावळीत आहोत. खिडकीतून स्वीडनकडून येणारा रस्ता दिसतो. रविवार चौदापर्यंत थांबतो. सोमवारच्या गाडीने परत जाऊ. आला नाहीत तर मी समजून घेईन, पुन्हा त्रास देणार नाही."

म्हणजे तोही रस्त्याकडे पाहतो आहे, आणि हाही. मला क्षणभर विलक्षण वाटलं. दोन चित्रांची जोडी करता येईल.

हिशेब सोपा आहे. स्लेजने दोन दिवस. बुधवारी दहाला पत्रं दिली तरी शुक्रवारी म्हातारा तिथे असेल. तोवर चेहरा पुरा होईल. कोणाचंच काही बिघडत नाही.

१० फेब्रुवारी

हवा काचेसारखी स्वच्छ. महिनाभरात असा उजेड पडला नव्हता. डोळे आज अगदी हाताशी आले होते. अशा दिवशी त्याला घोडा जुंपायला पाठवणं म्हणजे पाप झालं असतं. उद्या सकाळी दिलं तरी शनिवारी पोचतो.

"आज तुम्ही घाईत दिसताय," एम्ब्रेट म्हणाला.

"उजेड थांबत नाही."

"माणूस थांबतो म्हणून त्याला उभं करता होय?" तो हसला. तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. हसू नका, असं सांगावं लागलं.

११ फेब्रुवारी

पहाटेपासून वादळ. कुंपणही दिसत नाही. योलिन म्हणते, अशा हवेत घाटात घोडा घालणारा वेडाच. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता पत्रं दिली असती तर म्हातारा नक्की निघाला असता आणि वाटेत गोठून मेला असता. कधी कधी उशीर होण्यातही काही योजना असते.

१४ फेब्रुवारी

वादळ चालूच. रविवार. एम्ब्रेटने बायबल मोठ्याने वाचलं. मी पॅरिसच्या पत्रांना उत्तरं लिहिली.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवायला हवा.

घाट मोकळा झाला. दुपारी एम्ब्रेट जागेवर उभा, मी कॅनव्हासपाशी. घंटा वाजली. या वेळी स्लेज खरोखरच पश्चिमेकडून आली. तोलेफ होता, रोरोसचा मालवाहू. तो दर हिवाळ्यात मीठ आणि लोखंड घेऊन येतो आणि इथले रानपक्षी भरून नेतो. त्याने घोडा थांबवला आणि बसल्या जागेवरूनच ओरडला, "काय रे म्हाताऱ्या, इतका काय राग? अस्वलालासुद्धा येत नाही एवढा."

"कसला राग?"

"पोरगा बारा दिवस खाणावळीच्या खिडकीत बसून होता. बायको सोबत, पोटुशी. जो तो विचारायचा, कोणाची वाट बघताय? सांगायचा, बाबा यायचेत. सोमवारी गाडीत बसून गेला. बोटीची तिकिटं काढलीत म्हणाला."

एम्ब्रेट म्हणाला, "कोणाचा पोरगा?"

"तुझा. हाल्वार. दोन पत्रं टाकली म्हणत होता."

दारात योलिन उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिच्या हातात दुधाचं भांडं होतं. ते तिने अगदी हळू, एक थेंब न सांडता पायरीवर ठेवलं आणि मग तिथेच खाली बसली. "पोटुशी," ती म्हणाली. "म्हणजे सहावा असेल, की पाचवा?" "मला कसं कळणार बाई," तोलेफ म्हणाला.

मी मात्र एम्ब्रेटकडे पाहत होतो. त्याचा चेहरा बंद झाला. त्याला दुसरा शब्द नाही. जबडा आत गेला, डोळ्यांतलं सगळं ओसरलं आणि उरला तो नुसता दगड. जगातल्या कुठल्याही नटाला, कुठल्याही पगारी माणसाला ते जमणार नाही. मी तेवढ्यात कोळशाने तीन रेखाटनं उरकली. रेघा बरोबर आल्या.

तोलेफ माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. कलावंत काम करताना कसा दिसतो हे त्याला काय ठाऊक.

२० फेब्रुवारी

सकाळी एम्ब्रेट म्हणाला, "पाहुणे, शनिवारचं टपाल तुम्हीच आणता. चला माझ्याबरोबर."

जायच्या आधी ती दोन पत्रं स्टोव्हमध्ये टाकली. आता ती देणं म्हणजे निव्वळ दुष्टपणा झाला असता. मुलगा समुद्रावर, बापाच्या हाती कागद. त्यांनी फक्त जखम वाढली असती.

दुकानात चार-पाच लोक होते. एम्ब्रेटने ब्रिटास्टिनाला विचारलं, "माझ्या नावचं काही आलं होतं का? अमेरिकेचं?"

तिने डोळे बारीक करून आठवलं. "आलं होतं रे. परदेशी तिकीट होतं. जानेवारीत. या चित्रकारसाहेबांच्या हातात दिलं. नंतर आणखी एक."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ती माझी," मी म्हटलं. "पॅरिसची. हवी तर दाखवतो." खिशात होतीच. तिकिटं परदेशीच होती.

तिने एक पाकीट नाकाला लावून पाहिलं. "हे नव्हे," ती म्हणाली. "त्याच्यावर एम्ब्रेट लिहिलं होतं. मी वाचलं."

"काय वाचलंस?" मागून कोणीतरी म्हणालं. "परवा मला पाद्र्यांची पत्रिका दिलीस."

लोक हसले. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. मग ती हळूच म्हणाली, "चुकलंही असेल माझं. दिसत नाही हल्ली."

एम्ब्रेट तिला म्हणाला, "ब्रिटास्टिना, तुझा नवरा आणि मी एका बोटीत वाढलो, आणि तू माझंच टपाल हरवलंस." तेवढंच. घर जवळ आल्यावर म्हणाला, "तुम्हाला उगाच लोकांसमोर उभं केलं पाहुणे. मनात ठेवू नका."

मी म्हटलं, नाही ठेवणार.

२२ फेब्रुवारी

महिनाभराचा चेहरा सुरीने खरवडून काढला. वाट पाहणारा म्हातारा गेला. गोड होता तो, थोडा रडका. आता खरं काम सुरू.

२३ फेब्रुवारी

एम्ब्रेट वर माझ्या खोलीत आला. दीड महिन्यात पहिल्यांदाच. टोपी हातात.

"तुमचं चित्र, ते पेपरात छापतात का?"

"चांगलं ठरलं तर छापतात. सचित्र साप्ताहिकात."

"तो पेपर अमेरिकेत जातो?"

"जातो. तिथे आपले लोक खूप आहेत, चवीने वाचतात."

तो खिडकीशी गेला. "पत्ता तर नाही. तोलेफने विचारला नाही, कोणीच विचारला नाही. पण चित्र बघेल तो. कुठेतरी बघेल. मला रस्त्याकडे बघतानाच काढा. रस्ता नीट दिसू द्या, कुंपण पण. कुंपण त्यानेच घातलंय, ओळखेल. मी तिथे रोज उभा होतो एवढं त्याला कळलं पाहिजे."

"कळेल," मी म्हटलं.

"शब्द द्या."

मी हात पुढे केला. त्याच्या हातात माझा हात लहान मुलाचा वाटतो.

योलिन जिन्याखाली उभी राहून ऐकत होती. संध्याकाळच्या जेवणात मला रेनडिअरची जीभ मिळाली. ती त्यांनी पाद्र्यांसाठी ठेवली होती.

३ मार्च

आता तो मागेल तितका वेळ उभा राहतो. मी मागतो त्याहून जास्त. काल दोन वाजता मी रंग आवरले तरी तो हलला नाही. "अजून उजेड आहे," म्हणाला.

फक्त एक अडचण होती. जाड हातमोज्यांत हात म्हणजे दोन पोती. आज त्याला म्हटलं, "तुमचे हात मुलगा ओळखेल ना? मग ते दिसायला हवेत." त्याने लगेच हातमोजे काढून बर्फावर टाकले आणि उघड्या हाताने बंदुकीची नळी धरली. बर्फातलं लोखंड आणि त्यावर बोटं. निळसर, मग लाल, मग मेणासारखी पांढरी. प्रत्येक रंग टिपला. एवढं मोठं यश मला आजवर मिळालेलं नाही.

५ मार्च

सलग तिसरा दिवस हातांचा. योलिन बाहेर आली आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "तुम्ही गेल्यावर तो शिकार कशाने करणार, तुमच्या कुंचल्याने?"

"आत जा," एम्ब्रेट तिला म्हणाला.

उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. सोडताना नळीला थोडी कातडी राहिली. त्याने ती नखाने खरवडून काढली, मला बंदूक स्वच्छ दिसावी म्हणून.

९ मार्च

निघालो. कॅनव्हास गुंडाळून स्लेजवर बांधला. योलिनने भाकरी आणि चीज बांधून दिलं आणि लगेच आत वळली. एम्ब्रेट घोड्याच्या तोंडाशी उभा होता, हात फडक्यात.

"रस्ता दिसतोय ना त्यात?"

"दिसतोय."

"मग झालं."

चर्चगावातून जाताना कळलं, ब्रिटास्टिनाकडून टपाल काढून घेतलं. आता शाळामास्तर बघतात. चष्मा असणारा माणूस हवाच होता तिथे.

स्टॉकहोम, २८ मार्च

आगाटन आला होता. माझा जुना मित्र, साप्ताहिकासाठी लाकडी ठसे कोरतो. चित्रासमोरून तो पंधरा मिनिटं हलला नाही. आगाटनच्या बाबतीत हे फार झालं.

"चेहरा भयंकर आहे," तो म्हणाला. "अंगावर येतो. पण या रस्त्याने सगळं बिघडवलं. नजर तिकडे गेली की वाटतं, म्हातारा कोणाची तरी वाट बघतोय. मग तो बिचारा होतो."

बरोबर होतं त्याचं. मलाच दिसत होतं, पण मान्य करवत नव्हतं. रस्ता म्हणजे भावविवशता. तो गेल्यावर तासाभरात रस्ता बर्फाखाली घातला. कुंपणही. डोळ्यांची बुबुळं केसभर खाली आणली, आता तो आपल्या कमरेच्या सशांकडे पाहतो. मागे नुसता उतार, निळा आणि रिकामा. आता कोणी त्याला बिचारा म्हणणार नाही.

एम्ब्रेटला दिलेला शब्द आठवला. पण त्याला चित्रातलं काय कळतं? त्याला छापून यायला हवं होतं. ते आता नक्की येईल.

३ मे

पदक. काल जाहीर झालं. तोच म्हातारा परीक्षक माझा हात धरून म्हणाला, "याला मी ओळखत नाही, एकस्टाम. आणि ओळख करून घ्यायचं धाडसही होणार नाही." चित्रसंग्रहालय विकत घेणार आहे. आगाटनने ठसा कोरला. साप्ताहिकाने पूर्ण पान दिलं आणि खाली स्वतःच नाव घातलं, 'ज्याला पाझर फुटत नाही'. मला थोडं भडक वाटलं, पण वाचकांना काहीतरी लागतं.

१७ जून

ब्योर्कवालेनहून पत्र, पाद्र्यांच्या अक्षरात. योलिनने सांगितलेलं. एम्ब्रेटची दोन बोटं पेरापासून काढावी लागली, बंदूक आता खांद्याला लावता येत नाही, सापळे लावतो. तो बरा आहे. रोज विचारतो, छापून आलं का, आणि तिकडे पोचलं का.

उत्तर लिहिलं की छापून आलं आणि तिकडे पोचलंही असेल. अंक पाठवला नाही. लाकडी ठशात बर्फाच्या छटा उतरत नाहीत, त्यांना उगाच चुकीची कल्पना यायची.

१९ सप्टेंबर

आज सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीतून एक पत्र पुढे पाठवलेलं आलं. मिनेसोटाचं. अक्षर पाहताच ओळखलं. वह्यांत कितीतरी समीक्षणं चिकटवून ठेवली आहेत, पण याच्यासमोर ती सगळी फिकी. म्हणून उतरवून घेतो.

"महाशय, मी आपणास ओळखत नाही. आमच्या गिरणीच्या खाणावळीत तुमचं चित्र छापलेला पेपर आला होता. भिंतीला लावला आहे. खाली त्यांचं नाव नाही, तरी मी ओळखलं. ते माझे वडील आहेत. ते असेच आहेत. तो ओठ, ते हात, जबडा असा आत घेणं. मी लहान असताना ते असे बघायचे तेव्हा मी टेबलाखाली जायचो.

"हिवाळ्यात मी त्यांना भेटायला निघालो होतो. दोन पत्रं टाकली होती. ते आले नाहीत. माझी बायको दिवसातून दहादा म्हणायची, पत्रं हरवली असतील, पुन्हा लिही. मलाही कधी कधी तसं वाटायचं. एकदा कागद घेऊनही बसलो होतो. चित्र पाहिल्यापासून ती म्हणत नाही. मुलगा झाला जुलैमध्ये. आमच्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. आम्ही दिलं नाही.

"मी तुम्हाला दोष देत नाही. उलट आभार मानतो. माणसाला एकदा खरं काय ते दिसलं की मोकळं होता येतं. एवढीच विनंती, मी लिहिलं हे त्यांना कळवू नका. हाल्वार एम्ब्रेटसन."

दोनदा वाचलं. पोटच्या मुलाने ओळखावा, इतकंच नव्हे तर भ्यावं, असा चेहरा रंगवणं हे किती जणांना साधलं असेल? आगाटनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हातारा वाट बघत होता ना रे? रस्ता होता तेव्हा?" मी म्हटलं, रस्ता कधीच बर्फाखाली गेला, त्याला आता काय अर्थ. तो जेवायला थांबला नाही.

कळवण्याचा प्रश्न नाहीच. मुलाची तशी स्पष्ट इच्छा आहे.

दुपारी उत्तर लिहिलं. थोडक्यातच, कारण अशा साध्या माणसांना लांबलचक लिहिलेलं आवडत नाही. लिहिलं, "प्रिय महाशय, तुमच्या शब्दांनी मला धन्य केलं. तुमच्या वडिलांना मी दोन महिने रोज जवळून पाहिलं आणि जसे दिसले तसेच रंगवले. माझ्या मनचं त्यात काहीही घातलेलं नाही."